एका पंगतीत जेवलेली पोरं



पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. पण अर्धी वाचून कुणाला टॅग करून भांडण लावू नका. शेवटपर्यंत वाचा, मग बोलू.

मागच्या महिन्यात तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेचं नाव लिहीत नाही, लिहिण्याची गरजही नाही. नववीच्या दोन गटांत मारामारी झाली होती. कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस. एका पोरानं आपल्या समाजाचं गाणं लावलं, दुसऱ्यानं त्यावर हसणारं तोंड पाठवलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दप्तरं बाजूला पडली आणि पट्टे निघाले. संध्याकाळी दोन्हीकडची मोठी माणसं शाळेच्या गेटवर. सरांचं म्हणणं एवढंच होतं, "साहेब, आम्ही मिटवलंय. तेवढी बातमी नको."

मी बातमी दिली नाही. पोरं चौदा-पंधरा वर्षांची. पेपरात आलं असतं तर पोरं राहिली असती बाजूला आणि मोठ्यांनीच निवेदनं, मोर्चे सुरू केले असते. वीस वर्षं या धंद्यात काढल्यावर एवढं कळतं. पण 'मिटवलंय' हा शब्द काही पटला नाही. म्हणून दोन-चार दिवसांनी सहज गेल्यासारखा शाळेत गेलो.

मधली सुट्टी होती. लिंबाखाली, व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळ पोरं डबे उघडून बसलेली. बघता बघता लक्षात आलं, की कोण कुठं बसलंय हे आडनावं माहीत असणाऱ्या माणसाला लांबूनसुद्धा सांगता येईल. मुलींचंही तेच. सरांना विचारलं, तर ते प्रामाणिकपणे म्हणाले, "वर्गात आम्ही हजेरी नंबरानं बसवतो. पण सुट्टीत कोण कुणाजवळ जेवायला बसणार, ते काय आमच्या हातात आहे का?"

सरांना दोष देत नाही. त्यांच्यावर कामं किती आहेत ते मला माहीत आहे. पण त्यांचं ते वाक्य डोक्यात बसलं. कारण शंभर वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात एका माणसानं नेमकी तीच गोष्ट हातात घेतली होती. पोरांनी कुणाजवळ बसून जेवायचं, हीच. त्या माणसाचा फोटो आपल्या बहुतेक शाळांच्या ऑफिसात लावलेला असतो. दाढीवाले, घोंगडी पांघरलेले कर्मवीर भाऊराव पाटील. फोटोला हार सगळे घालतात. त्यांनी नेमकं केलं काय, हे मात्र फोटोसारखंच भिंतीवर राहिलं.

गोष्ट सुरू करायची तर साताऱ्यापासून करावी लागेल.

१९०० साली, ७ नोव्हेंबरला, साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलात इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव घातलं गेलं. भिवा रामजी आंबेडकर. आपल्याकडं हा दिवस आता 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो, शाळांना तसं परिपत्रकही येतं. सातारच्या शाळेतल्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. वर्गात बाकीच्या मुलांपासून वेगळं, कोपऱ्यात बसायचं. बसायला गोणपाट घरून आणायचं आणि संध्याकाळी घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या गोणपाटाला हात लावायचा नाही. तहान लागली तर शिपायानं वरून पाणी ओतायचं. शिपाई नसला की पाणी नाही.

म्हणजे बघा, शाळेत प्रवेश होता. नाव हजेरीपटावर होतं. मास्तर शिकवत होते. कागदावर सगळं बरोबर होतं. पोरगं शाळेत होतं, पण शाळेचं नव्हतं. हा फरक नीट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता कोल्हापूरला येऊ. राजर्षी शाहू महाराजांना बहुजनांची पोरं शिकवायची होती. खेड्यातलं पोरगं शहरात आलं तर राहणार कुठं, जेवणार कुठं, हा पहिला प्रश्न. १८९६ साली महाराजांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं. पण कारभार ज्यांच्या हाती होता त्यांच्याच समाजाची मुलं तिथं राहिली, बाकीच्यांना जागा मिळेना. एकत्र ठेवायचं म्हटलं आणि प्रत्यक्षात एकाच जातीचं झालं. मग महाराजांनी दुसरा रस्ता धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह झालं. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं.

आज काही लोक म्हणतात, महाराजांनी जातवार बोर्डिंगं काढून जाती पक्क्या केल्या. हे म्हणणं अर्धवट माहितीवरचं आहे. ज्या पोराला गावात छप्पर नाही, शहरात खोली मिळत नाही, त्याला आधी डोक्यावर पत्रा आणि पोटात भाकरी लागते. ती देण्याचा त्या काळात चालणारा मार्ग तोच होता. आणि महाराज तिथं थांबले नाहीत. १९१९ साली त्यांनी संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या आणि त्या मुलांना सरकारी शाळांत सगळ्यांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. म्हणजे वेगळं बोर्डिंग ही पायरी होती. मुक्काम पुढं होता.

यातल्याच जैन बोर्डिंगात एक दांडगा पोरगा राहायचा. जन्म कुंभोजचा, २२ सप्टेंबर १८८७. अभ्यासात जेमतेम, कुस्तीत पुढं. हा भाऊ पाटील. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला तो गेला आणि परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, की आधी आंघोळ कर, मग पंगतीत बस. त्यानं आंघोळ केली नाही. बोर्डिंग सुटलं. पुढं मॅट्रिकसुद्धा झाला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर नापास पोरगा. पण त्या पंगतीतून उठवलं गेल्याची आठवण त्याच्याजवळ राहिली असणार, कारण पुढचं सगळं आयुष्य तो पंगतच बसवत राहिला.

४ ऑक्टोबर १९१९, दसऱ्याचा दिवस. कऱ्हाडजवळच्या काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली. रयतच्या आधीही दुधगावला त्यांनी सहकाऱ्यांबरोबर असा प्रयोग केलेला होता. १९२४ साली संस्थेचं काम साताऱ्याला आलं आणि तिथं त्यांनी वसतिगृह सुरू केलं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळी पोरं एका छपराखाली. वेगळी रांग नाही, वेगळं भांडं नाही, वेगळी चूल नाही. ज्या साताऱ्यात पाव शतकापूर्वी एका पोराला गोणपाट घेऊन कोपऱ्यात बसावं लागलं, त्याच साताऱ्यात.

कल्पना करून बघा, हे १९२४ साल आहे. मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर होऊन फक्त एक वर्ष झालंय. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ऑगस्ट १९२३ चा ठराव. कागदावर खुलं झालं, तळ्यावर नाही झालं. म्हणून तर १९२७ साली बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. अशा काळात एक मॅट्रिक न झालेला माणूस खेड्यापाड्यातून पोरं गोळा करून त्यांना एका ताटाला ताट लावून बसवतो. आई-बाप, भावकी, गाव, सगळ्यांची समजूत काढून.

पैसा कुठून आणला? ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, तरी सांगतो. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. मोठ्या घरातून आलेल्या, अंगावर भरपूर सोनं. पोरांच्या जेवणासाठी ते सगळं गेलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्या पोरांचं दुखणंखुपणं, जेवणखाण त्यांनी आईसारखं बघितलं. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईनं हे करायचं, म्हणजे तिला आधी स्वतःच्या मनाशी किती झगडावं लागलं असेल! १९३० साली त्या गेल्या. संस्थेचा वटवृक्ष झालेला त्यांना बघायला मिळाला नाही. भाऊरावांच्या फोटोशेजारी त्यांचा फोटो किती शाळांत आहे, जरा बघून या.

दुसरं म्हणजे मुष्टिफंड. गावोगावच्या बायांनी दळायला बसताना एक मूठ धान्य वेगळं काढून ठेवायचं. ते गोळा करून बोर्डिंगला न्यायचं. यात नुसतं धान्य गोळा होत नव्हतं. ज्या बाईची मूठ त्या कोठीत पडली, तिला ठाऊक होतं की तिच्या ज्वारीची भाकरी कुणाकुणाच्या ताटात जाणार आहे. तिनं मूठ काढली, म्हणजे तिनं त्या पंगतीला एका अर्थानं मान्यता दिली. भाषणं करून जे झालं नसतं ते मुठीनं झालं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे काम. बोर्डिंगातली पोरं आयती जेवत नव्हती. स्वयंपाक, पाणी, झाडलोट, शेतात राबणं, बांधकामावर दगड उचलणं, सगळं पोरांनीच करायचं, पाळीपाळीनं. आता विचार करा. आज भाकरी कोण थापतोय? ज्याच्या हातचं पाणी गावात चालत नाही, तो. उद्या कोण थापणार? ज्याचा बाप गावचा पाटील आहे, तो. परवा दोघंही एकाच खड्ड्यात कुदळ मारणार. 'आपण सगळे समान आहोत' असं फळ्यावर लिहायची वेळच येत नाही. एकानं खारट केलेलं कालवण दोघांनी मिळून खाल्लं, की माणूस माणसाला ओळखायला लागतो.

फेब्रुवारी १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याला आले, त्यांनी हे बोर्डिंग बघितलं आणि त्यांच्याच हस्ते त्याला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव देण्यात आलं. समाजवार बोर्डिंगं काढणाऱ्या राजाचं नाव सगळ्या समाजांच्या एका बोर्डिंगला. भाऊरावांनी हे नाव उगाच घेतलेलं नाही. महाराजांची पायरी कुठं जाते ते त्यांना दिसलेलं होतं. या बोर्डिंगात वाढलेला खेड्यातला एक पोरगा पुढं बॅरिस्टर झाला, शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. बॅरिस्टर पी. जी. पाटील.

१९३२ साली पुणे करार झाला. गांधी आणि आंबेडकर यांच्यात तडजोड झाली, पण देशभर मनं ढवळलेली होती. भाऊरावांनी त्या कराराची आठवण म्हणून पुण्यात वसतिगृह काढलं. नाव ठेवलं युनियन बोर्डिंग हाऊस. मोठे नेते करारावर सह्या करत होते, हा माणूस त्या कराराखाली पोरांची ताटं मांडत होता. आणि १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. फी नाही, राहणं शाळेतच, आणि 'कमवा आणि शिका'. हायस्कूलच्या वयाच्या पोरानं अंगमेहनत करून शिकायचं आणि सगळ्यांबरोबर शिकायचं.

हे सगळं साताऱ्याकडचं झालं. तुम्ही म्हणाल, आपल्या जिल्ह्यात काय होतं?

आपल्या जिल्ह्याचं नाव या इतिहासात मोठं आहे, फक्त आपल्याला ते कुणी सांगितलं नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. या सभेनं पहिल्या काही कामांत हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. कुठं? मुंबईत नाही, पुण्यात नाही. सोलापुरात. ४ जानेवारी १९२५. मुलांचं जेवण, कपडे, वह्या सगळं सभेनं बघायचं. सोलापूर नगरपालिका महिन्याला ४० रुपये मदत देत होती. त्या पोरांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिकसुद्धा चालवलं. शंभर वर्षांपूर्वी सोलापुरातली हायस्कूलची दलित पोरं मासिक काढत होती, हे आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळांत सांगितलं जातं?

हे वसतिगृह एकाच समाजघटकासाठी होतं. का? कारण दुसरीकडं त्यांना कुणी घेत नव्हतं. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी चालू होत्या. सोलापुरात स्वतःच्या पायावर उभं राहण्याची जागा आणि साताऱ्यात सगळ्यांनी एकत्र जेवण्याची जागा. या दोन्ही एकमेकींच्या विरोधात आहेत असं मला वाटत नाही. ज्याला स्वतःची जागाच नाही, त्याला पंगतीत बोलावलं तरी तो दबूनच बसणार. आणि ज्याला फक्त स्वतःचीच जागा आहे, तो शेजारच्याला कधी ओळखणारच नाही. दोन्ही लागतात.

बार्शीला मामासाहेब जगदाळ्यांनी १९३४ साली सुरू केलेलं शिक्षणाचं काम आपल्या भागातल्या किती घरांना शाळा दाखवून गेलं, ते वेगळं सांगायला नको. आणि पंढरपूर तर आपलंच. १ मे १९४७ ला साने गुरुजी तिथं उपोषणाला बसले. विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडा म्हणून. १० मे रोजी उपोषण सुटलं, दार उघडायचं ठरलं. पण हे गुरुजी त्याआधी कोण होते? अमळनेरच्या हायस्कूलातले मास्तर आणि तिथल्या छात्रालयाचे प्रमुख. पोरांच्या खोल्या झाडणारे, त्यांचं अंथरूण नीट करून ठेवणारे, त्यांच्यासाठी रोज हातानं दैनिक लिहून लावणारे. देवळाच्या दारापर्यंत जाणारा रस्ता छात्रालयाच्या खोलीतून गेला होता. आयुष्याच्या शेवटी शेवटी त्यांनी 'आंतरभारती'चं स्वप्न मांडलं, वेगवेगळ्या प्रांतांतल्या मुलांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांच्या घरी राहावं म्हणून. तिथंही मूळ तेच, एकत्र राहणं.

मग ही पंगत मोडली कशी?

कुणी मुद्दाम मोडली असं नाही. मला जे दिसतं ते सांगतो. बोर्डिंगची गरज होती, कारण हायस्कूल लांब होतं. पुढं हायस्कुलं गावोगाव झाली. एकट्या रयतच्या आज चारशेहून जास्त माध्यमिक शाळा आहेत, बाकी संस्था वेगळ्या. हे चांगलंच झालं. पोरगं, आणि मुख्य म्हणजे पोरगी, घरी राहून शिकायला लागली. बोर्डिंगच्या जुन्या गोष्टी बहुतेक पोरांच्याच आहेत, आज वर्गात निम्म्या मुली आहेत. ही कमाई लहान नाही. पण पोरं शाळा सुटली की आपापल्या आळीत, आपापल्या वस्तीत परत जायला लागली. वर्ग एक राहिला, पंगत गेली.

मग आली फीची भिंत. ज्यांना परवडतं त्यांची पोरं पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत, बाकीची एसटीच्या पासवर. आता शाळाच वेगळ्या झाल्या, तर एकत्र येणार कुठं? शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत २५ टक्के जागा गरिबांच्या पोरांना ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं त्यातून जवळ सरकारी शाळा असलेल्या खासगी शाळांना सूट दिली होती, जुलैमध्ये मुंबई हायकोर्टानं ती रद्द केली. बरं झालं. पण हा कायदाच आठवीपर्यंतचा. शाळेतली खिचडीसुद्धा आठवीपर्यंतच. म्हणजे नववीत गेलं की सरकारी पंगतही उठते. आणि हेच वय आहे, जेव्हा हातात मोबाइल येतो, मिसरूड फुटतं आणि गावातले मोठे लोक 'आपल्या समाजाचा पोरगा' म्हणून खांद्यावर हात टाकायला लागतात. ज्या वयाला पंगत सगळ्यात जास्त लागते, त्याच वयाला ती नाही.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. तमिळनाडूत पेरियारांची एवढी मोठी चळवळ झाली. तिथं शाळेतली पोरं मनगटाला जातीच्या रंगाचे धागे बांधून येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये नांगुनेरीत एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळेतल्या पोरांनी घरात घुसून कोयत्यानं वार केले, त्याच्या बहिणीवरही केले. सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती चंद्रू यांची समिती नेमली. २०२४ च्या अहवालात त्यांनी रंगीत धागे बंद करा, शाळांच्या नावातली जात काढा, अशा शिफारशी केल्या. ठीक आहे, धागे काढता येतील. आपल्याकडं धागा नाही, स्टेटस आहे. ते कुठल्या परिपत्रकानं काढणार?

आणि आपल्याला हे कळत नाही असंही नाही. 'फँड्री'तलं ते शाळकरी पोरगं कुणी विसरलेलं नाही. 'सैराट' २०१६ साली आला तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं आपला करमाळा तालुका बघितला. नागराज मंजुळे आपल्या जेऊरचे. आपण अभिमानानं सांगतो, हे शूटिंग आमच्याकडं झालं, ती विहीर आमची. मान्य, विहीर आपली. मग गोष्ट कुणाची होती?

आता मुद्द्याचं. नुसता इतिहास सांगून पोस्ट संपवली तर माझ्यात आणि जयंतीच्या वक्त्यात फरक काय? शाळेतला तो प्रसंग झाल्यावर एक व्याख्यान ठेवायचं चाललंय, सामाजिक सलोखा या विषयावर. मलाही बोलावलंय. मी सरांना सांगितलं, व्याख्यान नको. पोरं व्याख्यानाला रांगेत बसतील, टाळ्या वाजवतील आणि सुट्टीत पुन्हा आपापल्या झाडाखाली जातील. त्यापेक्षा तीन गोष्टी करून बघू. तिन्ही माझ्या नाहीत, कर्मवीरांच्याच आहेत.

एक, मुष्टिफंड. आठवड्यातून एक दिवस, समजा शनिवारी, नववी-दहावीच्या प्रत्येक मुलामुलीनं घरून एक मूठ धान्य आणायचं. तांदूळ, डाळ, ज्वारी, जे घरात असेल ते. मूठ एकसारखीच, श्रीमंताची पोतं नकोत आणि गरिबाला माफीही नको. एकत्र शिजवायचं, एकत्र खायचं. ज्याला जे चालत नाही त्याचा मान ठेवून साधं शाकाहारी. थंडीत हुरड्याचे दिवस आले की शिवारात जायचं. आपल्याकडं ज्वारीला काय तोटा?

दोन, काम. चिठ्ठ्या टाकून पाच-पाच जणांचे गट करायचे. हजेरी नंबरानं नको, आडनावानं नको, मैत्रीनं तर नकोच. त्या गटानं वाढायचं, भांडी घासायची, झाडांना पाणी घालायचं. यात एक नियम पाळावा लागेल. झाडू आणि घासणी दर वेळी त्याच पोरांच्या किंवा फक्त मुलींच्या हातात जाता कामा नये. तसं झालं, तर आपण एकत्र आणण्याच्या नावाखाली जुनंच करतोय.

तीन, जयंती अदलून-बदलून. आज शिवजयंती एका गटाची, भीमजयंती दुसऱ्याची, अहिल्यादेवींची तिसऱ्याची, अण्णाभाऊंची चौथ्याची, ईद पाचव्याची असं झालंय. शाळेत तरी ठरवायचं, की ज्या घरात ज्यांचा फोटो नाही, त्या घरातल्या पोरांनी त्यांच्यावर बोलायचं. तयारीसाठी ज्यांच्या घरात फोटो आहे त्यांच्या घरी जायचं. पाणी प्यायचं, चहा घ्यायचा, माहिती लिहून आणायची.

तुम्ही म्हणाल, यानं जात जाणार आहे का? नाही जाणार. कर्मवीरांच्या बोर्डिंगनंही गेली नाही. पोरं सुट्टीला गावी गेली की तिथं जुनंच सगळं होतं. ९ मे १९५९ ला कर्मवीर गेले, तेव्हाही महाराष्ट्रात जात होतीच. पण त्या बोर्डिंगातून जी हजारो पोरं मास्तर, वकील, अधिकारी होऊन बाहेर पडली, त्यांना एक गोष्ट अनुभवानं माहीत होती. शेजारच्या ताटातला माणूस कसा असतो, हे त्यांना कुणी स्टेटसवरून सांगू शकत नव्हतं. दंगलीच्या अफवेच्या रात्री गावात असा एक माणूस असणं आणि नसणं, यात फार फरक पडतो. बातमीदार म्हणून तो फरक मी डोळ्यानं बघितलाय.

सरांनी अजून हो म्हटलेलं नाही. त्यांची भीती खरी आहे. एखाद्या पालकानं "आमचं पोरगं कुणाच्या हातचं खाणार नाही" म्हणून तक्रार केली तर? संस्थेवर दबाव आला तर? त्यांनी एकट्यानं हे अंगावर घ्यावं असं मी म्हणणार नाही. कर्मवीरांच्या मागं मूठ देणाऱ्या बाया होत्या. सरांच्या मागं कोण आहे?

म्हणून ही पोस्ट. ज्यांची पोरं-पोरी नववी-दहावीत आहेत त्यांनी आपापल्या शाळेत जाऊन एवढंच सांगावं, की आमची हरकत नाही, आमची मूठ घ्या. लेखी दिलं तर उत्तम. आणि आपल्यातले जे जुन्या काळी बोर्डिंगात राहिलेत, कुठल्याही बोर्डिंगात, त्यांनी खाली लिहा. तुमच्या शेजारी जेवायला कोण बसायचं, त्याचं गाव कुठलं, आज तो कुठं आहे. नाव लिहायचं नसेल तर नका लिहू, आठवण लिहा. पोरांना वाचून दाखवू.

आणि ते दोघं, ज्यांची मारामारी झाली होती? परवा परत गेलो होतो. एक लिंबाखाली होता, एक टाकीजवळ. मध्ये वीस-पंचवीस पावलांचं अंतर.